दोन वाट्या पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

साल साठच्या पुढचं. आमचं घर कुसगावात. लकव्याने सासूबाईंची डावी बाजू गेली. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. लोणावळ्याच्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं, मग म्हणाले, घरी न्या, आता नुसती सेवा. सेवा कुणी करायची? नवरा रेल्वेत, घाटात गँगवर. नणंद यायची, डोळे पुसायची, जेवून जायची. राहिले मी.

धुणं, पुसणं, भरवणं — सगळं केलं. ते खोटं नाही. पण लघवी अंथरुणातच व्हायची, आणि मावळातला पाऊस ठाऊक आहे ना? आषाढात भिजलेली गोधडी गणपतीपर्यंत वाळत नाही. घरात गोधड्या चार, चारही ओल्या. चुलीपुढे धरून धरून हात भाजायचे. आणि तो वास! मला त्या वासाचा संताप यायचा. आत्याबाईंचाही यायचा — सांगूनच टाकते.

डॉक्टर म्हणाले होते, पाणी भरपूर पाजा. मी आत्याबाईंना सांगितलं, डॉक्टरांनी पाणी तोडायला सांगितलंय. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक. बास. खोटं बोलताना जीभ अडखळली का? नाही अडखळली.

गोधड्या कोरड्या राहू लागल्या. शेजारणी म्हणायच्या, "सून असावी तर अशी. घरात वास म्हणून न्हाई."

एका दुपारी मी भाताच्या आवणीवरून लवकर परतले. आत्याबाईंनी चांगल्या हाताने पदर खिडकीच्या गजांतून बाहेर काढला होता. पागोळ्यांखाली भिजवून तो चोखत होत्या. मला पाहिलं आणि घाबरून तोंडातून काढला.

"डाक्टरला सांगू नगंस गं," जड जिभेने म्हणाल्या. "परत न्हाई करनार."

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं — नाही का? भरलेला तांब्या हाताशी होता. मी म्हणाले, "न्हाई सांगत." आणि खिडकी लावून घेतली.

त्यानंतर त्या महिनाभर जगल्या. मी पाणी वाढवलं नाही.