नेटिव्हचा रकाना

ती घटना आठवली की आजही आधी चीड येते, बाकीचं मागून. चीड एका एजंटाची, आणि थोडी स्वतःची.

निपाणीहून बदलून बेळगावात येऊन मला काही महिनेच झाले होते. सकाळची हजेरी उरकून पोलीस ठाण्यात बसतोय, तोवर वडगावातल्या एका मराठी शाळेचे मुख्याध्यापक आले. हातात ईमेलची छापील प्रत. व्हिएतनाममधल्या एका शाळेनं त्यांना विचारलं होतं, तुमच्या या माजी विद्यार्थिनीची मातृभाषा इंग्रजी आहे, हे खरं का? सोबत शाळा सोडल्याचा दाखला. शिक्का त्यांच्या शाळेच्या शिक्क्यासारखा, सही मात्र भलत्याच कुणाची.

"साहेब, आमच्या शाळेला इंग्रजीचा मास्तर मिळंना झालाय," ते म्हणाले. "मातृभाषा इंग्रजी असलेलं पोर कुठनं आणू?"

ती विद्यार्थिनी विणकराघरची. इंग्रजीत एम.ए., वर बी.एड., एका खासगी शाळेत चार वर्षं शिकवत होती. परदेशात शिकवायला जायचं म्हणून तिनं शहरातल्या एका एजंटाकडं कागद दिले होते. तिला बोलावलं. वडिलांसोबत आली. दाखला बघून तिचा चेहरा उतरला.

"हा माझा न्हाय सर. माझ्या दाखल्यावर मराठी हाय."

असं सगळेच म्हणतात. पण तिच्या बाबतीत प्रश्न साधा नव्हता. परदेशी नोकरीला जाताना 'याच्यावर गुन्हा नाही' असा पोलिसांचा दाखला लागतो. बनावट कागदाच्या गुन्ह्यात ती आरोपी झाली असती, तर व्हिएतनाम सोडा, तिला कुठंच जाता आलं नसतं.

एजंटाला उचलून आणलं. टाय लावलेला, घाम न येणारा माणूस.

"सर, तिकडं नेटिव्ह स्पीकरच पाहिजे म्हणतात. जन्मापासून इंग्रजी बोलणारा. आपली पोरं हुशार, पण जन्मली इथं. मी काय करायचं?"

"म्हणून त्यांची आई बदललीस?"

"आई न्हाय सर. नुसती भाषा बदलली."

आमच्या भागात दुकानाच्या पाटीवर कन्नड अक्षरं किती मोठी, मराठी किती, यावरून बंदोबस्त लावावा लागतो. त्यात माझी निम्मी नोकरी गेली. आणि हा गृहस्थ बसल्या जागी मातृभाषा टाइप करून देत होता.

"आणि तिला सगळं ठाऊक हाय," तो पुढं म्हणाला. "माझ्या फॉर्ममधला नेटिव्हचा रकाना तिनंच भरलाय. विचारा की."

"फॉर्म कुठं आहे?"

"तिकडं पाठवला, सर."

मी बाहेर येऊन तिला विचारलं. "नेटिव्हचा रकाना तू भरलास?"

"व्हय सर."

"स्वतःच्या हातानं?"

"व्हय."

"एम.ए. झालीस ना? नेटिव्ह म्हणजे काय कळत नाही?"

"कळतंय की सर."

वडील हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरगी खोटं बोलत न्हाय."

"नाही ना बोलत. म्हणूनच अडकली."

माझा आवाज चढला होता, हे कबूल करतो. माझे वडील उद्यमबागेतल्या कारखान्यात, फौंड्रीत कामाला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मी इंग्रजी डिक्शनरी फाटेपर्यंत शिकलो, कुणाला फसवलं नाही. आपल्यासारख्याच घरातली शिकलेली मुलगी असलं काही करते म्हटल्यावर मला जास्तच राग येत होता. हेड कॉन्स्टेबलना सांगितलं, जबाब घ्या, हिला दोन नंबरचा आरोपी करायचं आहे.

हेड कॉन्स्टेबल मूळचे कन्नड. जबाब कन्नडमध्ये लिहायचे, प्रश्न समोरच्याच्या भाषेत विचारायचे. नेहमीच्या ठेक्यात सुरू झाले. नाव? वडिलांचं नाव? वय? धंदा?

"नेटिव्ह?"

"वडगाव," ती म्हणाली.

मी दारातून मागं फिरलो. "परत विचारा."

"काय सर?"

"शेवटचं विचारलं ते."

"नेटिव्ह?"

"वडगाव की. आत्ताच सांगितलं."

आमच्याकडं बँकेत, एसटीत, सोयरीक जुळवताना सगळे हेच विचारतात. तुमचं नेटिव्ह कुठलं? म्हणजे गाव कुठलं. मी स्वतः हजारो जबाबांत हा प्रश्न विचारला असेन. पण एम.ए. म्हटल्यावर माझ्या डोक्यात फक्त डिक्शनरी उघडली.

दोन पंच घेऊन लगेच एजंटाच्या ऑफिसची झडती घेतली. 'तिकडं पाठवलेला' फॉर्म कपाटातच होता. तिच्या नीटस अक्षरात लिहिलेलं. नेटिव्ह, वडगाव, बेळगाव. त्याखाली मातृभाषा, मराठी. त्या 'मराठी'भोवती लाल पेनानं गोल, आणि बाजूला एजंटाच्या हातचं 'इंग्लिश'. त्याच फायलीत आणखी फॉर्म होते. कुणाचं नेटिव्ह बेळगुंदी, कुणाचं निपाणी. सगळ्यांनी आपापलं गाव लिहिलेलं, सगळ्यांच्या मातृभाषेला लाल गोल.

फॉर्म पुढ्यात ठेवला तेव्हा एजंट काय म्हणाला असेल?

"सर, ह्यांना इंग्रजी येत न्हाय. म्हणून तर मला दुरुस्त करावं लागतं."

ती आरोपी झाली नाही, साक्षीदार झाली. मी तिला बसवून माफी मागितली. ती म्हणाली, "चुकलं माझंबी सर. रकान्यात नुसतं नेटिव्ह होतं, स्पीकर शब्द नव्हता तिथं, पण मी विचारायला पायजे होतं." व्हिएतनामच्या त्या शाळेनं तिला नको म्हटलं ते म्हटलंच. त्यांना नेटिव्हच हवा होता. चार वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला दहा मिनिटं शिकवताना ऐकायची तसदी कुणी घेतली नाही. पाटीवरची अक्षरं मोजणारे फक्त आमच्याकडंच असतात असं मला वाटायचं.

या केसनं मला एवढंच शिकवलं की जबाबातला शब्द माझ्या अर्थानं वाचायचा नाही. बोलणाऱ्याला विचारायचं, तुझ्या घरी याला काय म्हणतात? हे मला डिग्रीनं शिकवलं नव्हतं.

काही महिन्यांनी ती पोलीस दाखल्यासाठी परत आली. या खेपेला एजंट नाही. तिनं मातृभाषा मराठी असं लिहून स्वतः अर्ज केला होता, मोबाइलवर वर्ग घेऊन दाखवला होता. दुसऱ्या एका शाळेनं घेतलं होतं. अर्ज भरता भरता तिचा पेन थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"सर, इथंबी नेटिव्ह विचारलंय."

हेड कॉन्स्टेबल मान वर न करता म्हणाले, "वडगावच लिवा, आक्का. त्यानंच सुटलासा."