भाऊजींनी पारखलेलं कार्ड

गांधीबागेच्या बाजारात कापडाची पारख असलेली माणसं ढिगानं सापडतील. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर, गेममधल्या घोडेस्वारानं खांद्यावर टाकलेली शाल न्याहाळून "हे काही लोकरीचं वाटून नाई राहिलं गा" असं म्हणत नाक मुरडणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. हे माझे भाऊजी. गांधीबागेत ठोक कापडाचं दुकान, साठीच्या पुढचं वय, अंगात कायम पांढरा सदरा, आणि घरी एक असलं जंगी ग्राफिक्स कार्ड की ज्याच्या नुसत्या फोटोवर कॉलेजातली पोरं जीव टाकतात. कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावरचं सगळं चित्र रंगवणारा तो भाग; तीन पंख्यांचा, विटेसारखा जड. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण मला गोष्टी पोटात ठेवून शेवटी बाहेर काढायची सवय नाही. ज्या डोळ्यांच्या जोरावर भाऊजी सगळ्या दुनियेत खोट काढायचे, ते डोळे आता गेले. त्यामुळे हसत हसत लिहायला बसलो असलो तरी शेवटपर्यंत तसं जमेल असं वाटत नाही.

भाऊजींनी कुठल्याही वस्तूला "चांगलं" म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. कापडाचा नमुना हातात आला की ते गादीवरून उठायचे आणि थेट दुकानाच्या दाराशी उन्हात जायचे. ट्यूबलाइटच्या उजेडात कापड पाहणं त्यांना पाप वाटायचं. मग ते मुठीत चुरगळून सोडायचं, काठावरून नख फिरवायचं, आणि फार म्हणजे फारच खूश झाले तर म्हणायचे, "चालते." एवढंच. ताईला बघायला आमच्या घरी आले होते, तेव्हाही पोहे खाऊन झाल्यावर बाबांनी भीतभीत पसंती विचारली, तर हेच उत्तर. दाराआड उभ्या असलेल्या ताईनं ते ऐकलं आणि त्या एका शब्दाचा राग तिनं पुढे आयुष्यभर पुरवून पुरवून वापरला. भाजी कशी झाली? चालते. साडी कशी दिसते? चालते. "चांगलं म्हनतानी यायची जीभ झिजते," असं तिनं मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की तिच्याकडे जेवायला बसलो की पहिल्या घासालाच मी भाजीला चांगलं म्हणून मोकळा होतो. मग ती कच्ची का असेना.

आता असला माणूस गेमच्या नादी कसा लागला? सदर भागातल्या एका दुकानात आम्ही दोघं बिलं छापायचा प्रिंटर घ्यायला गेलो होतो, म्हणजे हे मी ऐकीव सांगत नाही. तिथे मोठ्या पडद्यावर कुठलासा गेम लावून ठेवला होता. डोंगरातली वाट, वारा सुटलेला, आणि घोड्यावरच्या माणसाच्या खांद्यावरची शाल फडफडत होती. भाऊजी तिथेच खिळले. प्रिंटर राहिला बाजूला. त्या शालीच्या चुण्या कशा पडतात, वारा थांबला की कापड अंगावर कसं बसतं, हे ते कितीतरी वेळ पाहत राहिले. मग दुकानदाराला म्हणाले, "हे कापड असं पडून राहिलं, ते कोनामुळं?" दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक जाणकार आहे. त्यानं काचेच्या कपाटातून कार्ड काढून समोर ठेवलं. भाऊजींनी ते उचललं, दाराशी उन्हात नेलं, उलटसुलट केलं, कडेवरून नख फिरवलं. ते चुरगळून पाहतात की काय या भीतीनं दुकानदार काउंटरबाहेर आला. "चालते," भाऊजी म्हणाले. त्या दिवशी प्रिंटर राहिला तो राहिलाच, आणि आम्ही रिक्षात मांडीवर कार्डाचा खोका घेऊन घरी आलो.

भाऊजी गेम खेळायला लागले असं मी मुद्दाम म्हणत नाही. खेळणं त्यांना कधी जमलं नाही आणि त्याची त्यांना गरजही वाटली नाही. त्यांचा घोडेस्वार कुणाशी लढला नाही, त्यानं कुठला किल्ला जिंकला नाही. तो आपला गेममधल्या बाजारात जायचा आणि दुकानांवरचे पडदे, तंबूंच्या कनाती, येणाऱ्याजाणाऱ्यांचे अंगरखे पाहत उभा राहायचा. मागून दरोडेखोर यायचे आणि त्याला भोसकून जायचे. "चोर मारून राहिले अन् हे पडदा पाहून राहिले," ताई स्वयंपाकघरातून म्हणायची. पण कार्ड पारखायची भाऊजींची रीत पक्की होती. आधी काठ बघायचा. वस्तूची कड सलग असली पाहिजे, करवतीसारखी तुटलेली नको. सावलीत नुसता काळा रंग भरलेला त्यांना खपायचा नाही, त्यात आतलं कापड दिसलं पाहिजे. आणि सगळ्यात शेवटी पाणी. नदीत काठावरचं झाड उलटं दिसायला हवं आणि वाऱ्याची झुळूक आली की ते मोडायलाही हवं. त्या नदीशी घोडा उभा करून ते जेवणाची वेळ विसरत. जड असल्यामुळे कार्ड एका बाजूनं झुकायला लागलं, तेव्हा दुकानातला कापड मोजायचा जुना लोखंडी मीटर कापून त्याचा टेकू दिला. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूचं फूल वाहिलं जायचं. एका वर्षी झेंडूची पाकळी पंख्यात अडकून खरखर सुरू झाली, तर ताई म्हणाली, "पाय, सवत घसा साफ करून राहिली."

ही पारख घरापुरती राहिली असती तरी चाललं असतं. लग्नाला गेले की भाऊजी नवरा-नवरीकडे पाहायचेच नाहीत, स्टेजमागच्या मोठ्या पडद्यासमोर उभे राहून शेजारच्याला सांगायचे, "सावल्या तुटून राहिल्या, पाय." माझ्या घरी येऊन माझ्या कॉम्प्युटरवर डोकावले आणि म्हणाले, "तुह्या इथं सगळे लोक एकाच ताग्यातून कापल्यासारखे दिसते गा." मी विम्याच्या ऑफिसातला माणूस, मला लोकांच्या कापडाशी काय घेणं? पण तेव्हापासून मला खरंच तसं दिसायला लागलं आणि माझा धड चाललेला कॉम्प्युटर माझ्या मनातून उतरला. असल्या माणसाशी सोयरीक म्हणजे ताप असतो.

नागपूरचा मे महिना आला की कार्ड तापायचं आणि त्याचे पंखे ओरडायला लागायचे. भाऊजी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागे, गरम हवा बाहेर पडते तिथे तळहात धरून बसत, लहान लेकराचा ताप पाहावा तसे. "बाजारात शांत असते. झाडीत गेलं का चढते. पान्यापाशी तं लयच," ते मला समजावत. पुढे पुढे तर दुसऱ्या खोलीत बसून, नुसत्या पंख्यांच्या आवाजावरून ते पडद्यावर काय चाललंय ते सांगू लागले. आणि मग एका उन्हाळ्यात त्यांनी फक्त नागपूरच्याच माणसाच्या हातून होईल अशी चूक केली. खिडकीतल्या कूलरचं तोंड त्यांनी थेट कॉम्प्युटरवर वळवलं. माणसाला जे सुख ते कार्डाला का नको, असा त्यांचा साधा विचार. सुरुवातीला सगळं गारेगार, आणि मग एके दिवशी पडदा काळाठिक्कर. आत ओल धरली होती. भाऊजींनी कार्ड बाहेर काढलं, गच्चीवर नेलं, आणि ताईच्या कुरड्या वाळत होत्या त्याच चादरीच्या एका कोपऱ्यात उन्हाला ठेवलं. मी गेलो तेव्हा ताई डोक्यावर पदर घेऊन, हातात काठी घेऊन बसली होती. "कुरड्या अन् सवत, दोघीले राखून राहिली मी," ती म्हणाली. कार्ड वाळलं, पुन्हा सुरूही झालं. पण भाऊजींच्या मनात ती ओल बसली.

कारण त्यानंतर त्यांना चित्र धूसर दिसायला लागलं. "डाव्या अंगानं धुकं हाय. ओल उतरली आतमंदी," ते म्हणायचे. मी पाहायचो तर चित्र लख्ख. तसं म्हटलं तर "तुले काय कळते, तू विम्याचा मानूस" म्हणून मला गप्प करायचे. पावसाळा गेला, थंडी आली, धुकं वाढतच होतं. त्यांनी केबल बदलली. पडदा बदलला. शेवटी दुसरं नवं कार्ड आणलं, पहिल्यापेक्षा भारी, तर त्यातही धुकं. मग दुकानदार चोर झाला, बनवणारे चोर झाले. काठ उसवतो, सावलीत काळं आणि निळं एक होतं, अशा त्यांच्या तक्रारी दर रविवारी नव्यानं ऐकायच्या. त्यांचं नाक मुरडणं आम्हाला काही नवं नव्हतं, आम्ही हसायचो आणि चहा प्यायचो.

पुढच्या दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा ताईनं गर्द निळी साडी नेसली होती आणि तिच्यावर काळं ब्लाउज. लग्न झाल्यापासून ताईच्या प्रत्येक साडीवरचं ब्लाउजपीस भाऊजी स्वतः दुकानातून जुळवून आणायचे, आणि त्यांच्याकडून कधी छटा चुकल्याचं मला आठवत नाही. मी सहज विचारलं, "ताई, हे काळं काहून?" तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "चूप बस. निळं समजून आनलं त्यायनं. मी काही बोलली नाई." तिचे डोळे भरून आले होते. माझ्या हातातली आपट्याची पानं हातातच राहिली. कार्डाला काहीच झालं नव्हतं. दोन्ही कार्डं धडधाकट होती.

डॉक्टरकडे भाऊजी तयारीनं गेले. "मोतीबिंदू असन तं काढून टाका," म्हणाले. डॉक्टर बराच वेळ तपासत राहिले आणि मग म्हणाले, काचबिंदू आहे. तो डोळ्याच्या कडेनं सुरू होतो, माणसाला कळतच नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकून जेवढी उरली तेवढी धरून ठेवायची. भाऊजींनी सदऱ्याच्या काठावरून नख फिरवलं. "म्हंजे काठापासून उसवते," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, हो, तसंच. परत येताना रिक्षात ते एकच वाक्य बोलले, "त्या दुकानदाराले मी फुकट चोर म्हनलो." आणि रिक्षा तशीच सदरकडे वळवायला लावून त्याची माफी मागून आले. थेंब वेळच्या वेळी टाकूनही उरलेली नजर राहिली नाही. फार उशीर झाला होता. आता खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे, तेवढं त्यांना कळतं.

दुकान त्यांनी चुलतभावाकडे सोपवलं. कापड अजूनही त्यांना बोटांना कळतं, दोन बोटांत धरलं की ते बरोबर सांगतात. पण पडद्यावरची शाल हाताला लागत नाही, आणि मला वाटतं त्यांना तेच जास्त लागलं. "कार्ड काढून टाका," एक दिवस ते म्हणाले, "घरात आता कोन पाहते ते?" कार्डाला इतकी वर्षं सवत म्हणणारी माझी बहीण भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "राहू द्या," म्हणाली. "मी पाहीन."

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तर ताई चष्मा नाकावर सारून पडद्यासमोर बसली होती आणि घोडा चालवत होती. फोनवर फोटो काढताना अजूनही मध्ये स्वतःचं बोट आणणारी माझी बहीण. भाऊजी बाजूला स्टुलावर, पडद्याकडे पाठ करून, तळहात कॅबिनेटमागच्या गरम हवेत धरून बसलेले.

"झाडी आली," ते म्हणाले.

"आली."

"सावली कशी हाय वं?"

"मलमलीवानी. विरळ, भोकाभोकाची."

त्यांनी समाधानानं मान हलवली. मी दारातच थांबलो. असं हे बरेच दिवस चाललं असावं, कारण दोघांनाही एकमेकांच्या बोलण्याचा वेग माहीत होता. मग घोडा कुठल्याशा पडक्या घराशी गेला आणि भिंतीला तोंड लावून अडकला. ताईला तो काही केल्या वळवता येईना. त्यातच कूलरमधलं पाणी संपलं होतं, तो नुसतीच गरम हवा फेकत होता, खोली तापली आणि कार्डाचे पंखे चढायला लागले. भाऊजी स्टुलावर ताठ झाले. त्यांचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी तसा पाहिला.

"पानी आलं," ते म्हणाले. "नदी आली ना?"

समोर मातीची भिंत होती. मी पुढे होऊन घोडा वळवायला हात घातला, तर ताईनं माझा हात बाजूला सारला. या माणसाचं एक वाक्य जिनं कधी खोडल्याशिवाय सोडलं नव्हतं, ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "आली."

"कसं हाय पानी?"

"मोरपंखी. आपल्या लग्नातल्या शालूवानी. ऊन पडलं का आतून चांदी दिसते."

"झाड दिसते उलटं?"

"दिसते. हलून राहिलं."

"काठ तुटून तं नाई राहिला?"

"नाई. सलग हाय."

भाऊजींनी हात गरम हवेतून काढला आणि सदऱ्याला पुसला. "मंग चांगलं हाय," म्हणाले.

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. ताईनंही. ती चष्मा काढून पदरानं पुसत बसली, आणि तो काही लवकर पुसून होईना. मला तिथे उभं राहवेना म्हणून मी बादली घेऊन कूलरमध्ये पाणी भरायला गेलो, आणि उगाचच दोन बादल्या जास्त ओतल्या. परत आलो तेव्हा खोली निवली होती, पंख्यांचा आवाज उतरला होता. पाणी मागे पडलं का, असं भाऊजी विचारत होते. घोडा तसाच भिंतीशी उभा होता आणि ताई त्यांना सांगत होती, "नाई, अजून काठाकाठानंच चालून राहिलो आपन."