तांदळात लिहिलेलं नाव

यॉर्कशरमध्ये लष्कराच्या दवाखान्यात मी मुलकी फिजिओथेरपिस्ट होते. सरावात डावा पाय गुडघ्याखाली गमावलेला एक तरुण सैनिक माझा पेशंट होता. कृत्रिम पायावर, दोन काठ्या धरून चालण्यापर्यंत मी त्याला आणलं. स्वभावानं तुसडा. मीही काही कमी नाही, म्हणून आमचं जमलं.

मग लष्करानं त्याला निवृत्त केलं. पुढचे उपचार माजी सैनिकांच्या क्लिनिकमध्ये, म्हणजे साध्या सरकारी रुग्णालयात. परक्या माणसाला पाय दाखवायला तो तयार नव्हता. नेमकी तिथे जागा निघाली आणि मला ती मिळालीही. "तू ये, मी तिथेच असेन," मी त्याला सांगितलं.

घोडं अडलं माझ्या नावापाशी. पदवी पुण्याची, माहेरच्या नावाची. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, सासूबाईंनी हौसेनं निवडलेलं. आडनावाबरोबर मी अख्खीच बदलले. पदवीवरची ती आणि ही मी एकच, हे लष्कराला पटवताना नाकी नऊ आले होते. ते सगळे कागद त्यांच्याकडे होते, पण रुग्णालयाला ते चालेनात.

"त्यांची तपासणी त्यांच्यापुरती," एचआरमधली बाई गोड आवाजात म्हणाली. म्हणजे पुन्हा विद्यापीठ, पुन्हा प्रतिज्ञापत्र. सरकारी काम अन् सहा महिने थांब, यातून इकडे येऊन तरी सुटले असं मला वाटायचं.

"अगं, एवढं टेन्शन काय घेतेस? प्रोसेस आहे, होईल क्लिअर," नवरा म्हणाला.

"तुझं नाव नाही ना कुणी बदललं."

तो चहा करायला उठला.

त्या सैनिकाला फोन करायची सोय नव्हती. नियमानं तो आता माझा पेशंट नव्हता. याचा मला फार त्रास झाला.

मंजुरी आली तेव्हा उन्हाळा सरला होता. क्लिनिकच्या यादीत तो नव्हता. येत नाही म्हणून काढून टाकला होता. जुन्या नोंदीतून नंबर काढून मी त्याच्या घरी फोन लावला. आईनं उचलला. मी कोण ते सांगितलं.

"पहिल्यांदा गेला होता तो. तुम्हाला विचारलं. या नावाचं इथे कुणी नाही म्हणाले. तेव्हापासून पाय माळ्यावर पडलाय आणि हा खुर्चीत."

मागून त्याचा आवाज आला, कोण आहे म्हणून.

"कुणी नाही," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.