शुगर उतरली असेल म्हणून

बायकोला डायबेटिस, त्यात संकष्टीचा उपास. गोळी घ्यायची आणि पोटात काही घालायचं नाही. मग शुगर उतरायची, हात थरथरायचे. मी साखरेचं पाणी करून द्यायचो. पाव तासात उठून, उपास मोडला म्हणून मलाच शिव्या घालायची. बारा वर्षं आमचं हेच चाललं होतं.

त्या दिवशीही संकष्टी होती. सकाळी ओट्यापाशी ती खाली बसली. बोलणं जड, तोंड जरा वाकडं. मी साखरेचं पाणी पाजलं, अर्धं हनुवटीवरून ओघळलं. तरी मी वाट बघत बसलो, आता उठेल म्हणून. पाऊण तास असाच घालवला, मग रिक्षा केली.

हॉस्पिटलात कळलं, मेंदूत गुठळी. आयसीयूत शुगर चारशेवर. इन्सुलिन लावलं तर सत्तरला आली, परत वर. मी दर तासाला दारावर. सिस्टर वैतागली.

"आजोबा, शेअर बाजार आहे का हा? बसा जरा."

"आकडा सांग, मग बसतो."

ती सांगायची, पण मी बसायचो नाही. लिफ्टपासून दारापर्यंत, दारापासून लिफ्टपर्यंत. पाय दुखले तरी चालायचो. बसलो की तो पाऊण तास डोक्यात यायचा.

शेवटी डॉक्टरला विचारलं, "मी साखरेचं पाणी दिलं, त्याने वाढली का?"

"दोन चमच्यांनी एवढं होत नाही, काका. मोठा आजार झाला की शरीर आपणच शुगर वाढवतं. पण अशी वरखाली होत राहिली तर मेंदूला वाईट. ती एका जागी ठेवायला बघतोय. साखरेचं सोडा, यात खरा प्रश्न वेळेचा असतो."

मी परत लिफ्टकडे चालायला लागलो.

पाचव्या दिवशी शुगर दीडशेवर थांबली. मी मुलीला मुलुंडला फोन करून सांगितलं, आता आई डोळे उघडेल. त्याच दुपारी बायको गेली.

मुलीला पाऊण तासाचं माहीत नव्हतं. तेराव्यानंतर ती ओटा पुसत होती, तेव्हा सांगून टाकलं.

"मीही तेच केलं असतं, बाबा," ती म्हणाली.

तिने केलं नसतं. ती शिकलेली आहे. पाठ माझ्याकडेच ठेवून ती बराच वेळ एकच जागा पुसत राहिली.