दरोडेखोराचे अकरा रुपये

१९५७ सालच्या हिवाळ्यातला एक रविवार. गेलेली रक्कम सत्तेचाळीस रुपये, शिवाय एक घड्याळ. हजर मी, माझी पत्नी, पाच वर्षांची आमची मुलगी कुसुम आणि आमचे साडू. हिशेब आधीच मांडून ठेवतो, कारण साडूंचा विषय निघाला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. समोर बंदूक आली तर जिवंत कसं राहावं, या एकाच चिंतेला वाहून घेतलेला दुसरा गृहस्थ अख्ख्या भोपाळात नसेल.

बरं, माणूस शिकारी नव्हे की फौजेतला नव्हे. मध्य प्रदेशाचं नवं राज्य होऊन भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपूरहून फायलींच्या पेट्यांमागोमाग आला तसा कारकून, माझ्यासारखाच. पण गावाबाहेर जंगल आहे आणि दरोड्याच्या गोष्टी जो तो सांगतो, एवढ्या भांडवलावर त्यांनी शास्त्र उभं केलं. पळायचं नाही. हात दिसतील असे वर ठेवायचे. तोंडाकडे टक लावून बघायचं नाही. बंदूकवाला आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो, तेव्हा आवाज हळू. आणि मागेल ते द्यायचं. त्यासाठी त्यांच्या खिशात एक वेगळं पाकीट असे, त्यात अकरा रुपये. कमी असले तर तो चिडेल, जास्त ठेवणं मूर्खपणाचं. एकदा महिनाअखेरीला दुधासाठी मी त्यातले दोन मागितले, तर म्हणाले, "ते माझे नाहीत हो, त्याचे आहेत."

रविवारी सकाळी आमच्याकडे तालीम. साडू लाटणं रोखून उभे, आम्ही सगळे हात वर करून, आणि आत भाजी करपतेय. पत्नी म्हणायची, "भावजी, दरोडेखोर येईल तेव्हा येईल, आधी पोळ्या होऊ द्या." कुसुमला तो खेळ वाटे. मी मात्र हात वर करता करता काहीतरी हिशेबाचं विचारायचोच. मग साडू लाटणं खाली घेऊन खिन्नपणे म्हणत, "तुम्ही मेलात. दोन आण्यांपायी मरणार तुम्ही."

त्या रविवारी नर्मदेवर स्नान करून आम्ही होशंगाबादहून बसनं परतत होतो. जंगलात रस्त्यावर झाड आडवं पडलेलं दिसलं, बस थांबली आणि तोंड बांधलेला एक जण बंदूक घेऊन चढला. बंदुकीची नळी कधी ड्रायव्हरवर, कधी आमच्यावर फिरत होती. मांडीवरच्या कुसुमनं मुकाट्यानं हात वर केले आणि तालमीतल्यासारखी शांत बसली. शेजारची बाई किंचाळणार होती, ती पोरीकडे बघून गप्प झाली. साडू हळू म्हणाले, "भैया, सब मिलेगा. नली ज़रा ऊपर कर लो, बच्ची बैठी है." नळी वर गेली. त्यांनी पाकीट दिलं, घड्याळ दिलं. मग माझी पाळी आली. माझ्याकडे छत्तीस होते. मी विचारलं, टांग्यापुरते दोन रुपये ठेवून घेतले तर चालतील का.

नळी पुन्हा खाली आली, थेट आमच्या दोघांवर. साडूंनी अगदी सावकाश माझ्या खिशात हात घातला, छत्तीसच्या छत्तीस काढून त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "हिसाब के आदमी हैं, भैया. इनकी बात का बुरा मत मानो." तो बापडा हसला की खोकला ते कळलं नाही, पण उतरून गेला.

टांग्याला पैसे नव्हते, म्हणून स्टँडवरून घरापर्यंत चालत आलो आणि वाटभर बोलणी खाल्ली. दुसऱ्याच दिवशी साडूंनी नवं पाकीट घेऊन त्यात अकरा रुपये घातले. तालीमही सुरूच. या माणसाला कसं आवरावं?

१९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्यांनी नागपूरला बदली मागून घेतली. स्टेशनवर खिडकीतून ते पाकीट त्यांनी माझ्या हातात कोंबलं. "ठेवा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त गरज आहे." मी वळून हमालाशी भांडत राहिलो. तो रुपया मागत होता, मी बारा आण्यांवर अडून. गाडी हलली. साडूंनी माझ्याकडे बघितलं आणि निमूटपणे दोन्ही हात वर केले. कुसुमनं फलाटावरून दोन्ही हात वर केले, ते गाडी दिसेनाशी होईपर्यंत खाली आणले नाहीत.

पाकिटातल्या अकराला मी हात लावला नाही. हमालाला माझ्या खिशातला पुरा एक रुपया दिला.