मुक्ताईच्या यादीत कुणाची उंची कुणाला

हडपसरच्या वधू-वर मंडळात मुक्ताईचं टेबल दारातच. आलेल्याला आधी पाणी, मग खुर्ची, मग सवाल, "काय पायजे, नवरा का नवरी?" बाई सासवडकडची. लग्न करून पुण्यात आली, पण जिभेला पुण्याचं पाणी लागू दिलं नाही तिनं.

मंडळाचे अध्यक्ष अवधूतराव. पेठेतले, बँकेतून रिटायर झालेले, बोलणं सुपारी कातरल्यासारखं. मेळाव्याआधी म्हणाले, "मुक्ताबाई, गेल्या मेळाव्यात पोरं आईबापांच्या आड मोबाईल बघत बसली. शोकसभेत लोक याहून जास्त बोलतात. यंदाही तसंच झालं तर मंडळ बंद. स्थळं ॲपवर टाकू, आपण घरी बसू."

"घरी बसून म्या काय करू? भिंतींची लग्नं लावू?"

"लावा. भिंती निदान तक्रार करत नाहीत."

स्थळांची माहिती सगळी वेबसाइटवर. ती एक्सेलमध्ये उतरवायची आणि छापून मेळाव्यात वाटायची, हे मुक्ताईचं काम. एक्सपोर्टचं बटन दाबलं की नाव, उंची, नोकरी, अपेक्षा सगळं पंगतीला बसल्यागत चौकटीत येऊन बसायचं. बघताना बाईला गुदगुल्या व्हायच्या. यंदा अवधूतरावांचं नवं फर्मान होतं, नावं बाराखडीनं लावा, आमचा मुलगा खाली का म्हणून भांडणं नकोत.

मुक्ताईनं नुसता नावांचा रकाना धरला आणि क्रमाचं बटन दाबलं. कॉम्प्युटरनं इंग्रजीत विचारलं, शेजारचे रकानेही सोबत हलवू, का एवढ्यावरच काम चालू ठेवू? त्यातलं 'चालू ठेव' तेवढं तिला उमगलं. चालू काम थांबवायचं कशापायी? दाबलं. नावं तेवढी उठून दुसऱ्याच्या ताटावर जाऊन बसली, आणि वाढणारीला पत्ताच नाही. बाईनं गठ्ठा छापला, मेळाव्यात वाटला आणि पदर खोचून दारात उभी राहिली.

पहिली बोंब एका मिशीवाल्या काकांनी ठोकली. "अहो, आमचा तेजस अंगणवाडी सेविका कधी झाला?"

"आणि माझी ऋचा क्रेन चालवते?" पलीकडून एक आई.

अवधूतरावांनी यादी नाकाशी धरली. "वा. मुक्ताबाई, इथे एका कुस्तीगीराला मेंदी आणि रांगोळीची आवड आहे. अभिनंदन."

मुक्ताईनं यादी ओढून बघितली. टेबल गेलं, मंडळ गेलं, आता भिंती! पण रडायला वेळ कुणाला होता? तिनं माईक हिसकावला. "मंडळी, नावं ज्याची त्याचीच हायती. बाकी समदं दुसऱ्याचं हाय. चूक माझी. आता उठा, आणि आपापलं हुडका!"

सगळ्यांनी कागद उलटेपालटे केले. मग कल्याणी नावाची एक ताडमाड पोरगी खुर्चीवर चढली. "पाच फूट नऊ, जनावरांची डॉक्टर, हे माझंय! कुणाकडे गेलंय?"

कोपऱ्यातून बेकरीवाल्या पुष्करनं हात वर केला. उभा राहिला तरी बसल्यासारखाच दिसत होता. "माझ्याकडे आहे. पण देणार नाही. जन्मात पहिल्यांदा उंच झालोय."

हॉल असा हसत सुटला म्हणता! "माझी नोकरी कुणी पळवली?" "काका, तुमच्या लेकीच्या अपेक्षा माझ्या नावावर आल्यात, त्यात टक्कल चालेल लिहिलंय, मला नाही चालणार!" पोरं-पोरी एकमेकांच्या कागदात डोकी घालत होती, आयाबाया पोट धरून हसत होत्या, मोबाईल खिशातनं काढायला कुणाला हात मोकळा नव्हता. कल्याणी आपली उंची परत घ्यायला म्हणून पुष्करसमोर जाऊन बसली, ती चहा गार झाला तरी उठेना.

हॉलवाल्यानं दिवे बंद करायला सुरुवात केली तेव्हा कुठं माणसं हलली. अवधूतरावांनी यादीची एक प्रत घडी घालून खिशात ठेवली.

"मुक्ताबाई, पुढच्या मेळाव्यातही हीच चूक पाहिजे. व्यवस्थित करा."

"ते न्हाई जमायचं, साहेब. व्यवस्थित कराया गेले तर यादी बरूबर यील."