शिपाई विरकरचे मंगळवार-शुक्रवार

आमची पलटण चंडीगडला आली तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि पंजाब पेटलेला होता. दोन कंपन्या कायम बाहेर असत, नाक्यांवर आणि गावांच्या गस्तीवर. उरलेल्या छावणीत. मी तेव्हा हवालदार होतो, पीटी इन्स्ट्रक्टर. पलटणीची क्रॉस कंट्री टीम माझ्याकडे होती. पोरं मला उस्ताद म्हणत.

सकाळी साडेपाचला फॉलइन. सहा ते साडेसात पळणं. छावणीच्या मागून एक कच्चा रस्ता टेकड्यांच्या पायथ्याने जायचा, तिथे मी दहा किलोमीटरचा फेरा आखला होता. अतिरेक्यांच्या भीतीने टीमच्या पुढे आणि मागे एकेक हत्यारबंद गाडी चाले. पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरची एकच तक्रार असे. विरकर मागून येऊन गाडीला चिकटतो, मला वेग वाढवावा लागतो.

शिपाई किसन विरकर माण तालुक्यातला. वय बावीस. वडील लहानपणीच गेलेले, घरी आई एकटी. अंगाने काटकुळा, पण छाती रुंद. दहा किलोमीटर तो बत्तीस मिनिटांच्या आत संपवायचा आणि थांबल्यावर दोन मिनिटांत नीट बोलायला लागायचा. त्या वर्षी तो कमांडच्या, म्हणजे लष्कराच्या सगळ्या विभागाच्या स्पर्धेत दुसरा आला. मार्चमध्ये सर्व्हिसेसची, म्हणजे तिन्ही दलांच्या संघाची ट्रायल होती. सीओ साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "जाधव, इस लडके को संभालना."

जानेवारीत त्याची वेळ घसरली. आधी तेहतीस, मग साडेचौतीस. मी विचारलं तर म्हणाला, "थंडी आहे उस्ताद. पाय जड वाटतात."

थंडी सगळ्यांनाच होती. मला वाटलं, कमांडमध्ये नाव झालं आणि पोरगं ढिलं पडलं. मी त्याला सगळ्यांसमोर कामचुकार म्हणालो. दहा दिवस रोज संध्याकाळी पाठीवर दहा किलोचा पिट्ठू बांधून मैदानाला पंधरा फेऱ्या घालायला लावल्या. त्याने एकही फेरी चुकवली नाही. शेवटी शेवटी तो पळत नव्हता, पाय ओढत होता. मी मैदानाच्या मधोमध शिट्टी घेऊन उभा होतो.

अकराव्या दिवशी सकाळी तो फॉलइनला उशिरा आला. त्याने पळायचे बूट दोन्ही बाजूंनी ब्लेडने चिरले होते. मी खडसावलं, "हे काय केलंस?"

"पाय जात नव्हते, उस्ताद."

मी खाली बसून त्याचा मोजा उतरवला. नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहिला. मी त्याला स्वतः पलटणीच्या दवाखान्यात, एमआय रूममध्ये घेऊन गेलो. तिथून लष्करी इस्पितळ, तिथून चार दिवसांनी शहरातलं मोठं इस्पितळ.

तिथे डॉक्टर देशकर होत्या, मूळच्या अमरावतीच्या. मराठी ऐकून त्यांनी मला बाजूला घेतलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळपास निकामी झाली होती. "वर्षभर लघवीला फेस येत असणार याच्या," त्या म्हणाल्या. "कुणाला बोलला नाही का हा?"

मी किसनला विचारलं. तो म्हणाला, "येत होता. वाटलं, पळण्यानं येत असेल. सांगितलं असतं तर टीममधून नाव गेलं असतं."

मग मी डॉक्टरांना पिट्ठूचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजार त्याने झालेला नाही." मग म्हणाल्या, "बरंही काही झालं नाही त्याने."

आईला तार करून बोलावलं. मूत्रपिंड द्यायला ती एका पायावर तयार होती. तपासणीत तिलाच साखर निघाली. दुसरं जवळचं कुणी नव्हतं. ती तीन आठवडे आमच्या फॅमिली क्वार्टरमध्ये राहिली आणि परत गेली. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मशीनवर रक्त धुणं सुरू झालं. किसनची मेडिकल कॅटेगरी खाली आली. त्याला स्पोर्ट्स स्टोअरमध्ये बसवलं. तो दुसऱ्यांच्या बुटांचे हिशोब ठेवू लागला. पाणी मोजून प्यायचं होतं. दिवसाला दोन ग्लास. पळून आलेली टीम स्टोअरसमोरच्या नळावर पाणी प्यायची, तेव्हा तो आत तोंड फिरवून बसायचा. मी नळावर पाणी पिणं बंद करायला लावलं.

मे महिन्यात एका मंगळवारी बंद होता. गाड्या निघाल्या नाहीत. त्याची मशीनची खेप चुकली. शुक्रवारी सकाळी त्याला धाप लागलेली होती. आडवं पडता येत नव्हतं, चारपाईवर पाय सोडून बसला होता. आम्ही नऊ वाजता निघणार होतो. नऊला दहा कमी असताना खबर आली. शहराबाहेर एका बसमध्ये स्फोट झाला होता. शहरात कर्फ्यू लागला आणि छावणीचं गेट बंद झालं.

मी अॅडज्युटंट साहेबांकडे गेलो. ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "कोई गाडी बाहर नहीं जाएगी, जाधव."

"साब, आज मशीन नहीं लगी तो शाम नहीं देखेगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एस्कॉर्ट के साथ जाओ. दस मिनट में निकलो."

नाईक पवार आणि तीन जवान एका गाडीत, मागे आमची अॅम्ब्युलन्स. नऊ पस्तीसला गेट सोडलं. रस्ता मोकळा होता, दुकानांची शटर खाली. शहरातल्या मध्य मार्ग या रस्त्यावर पोलिसांच्या नाक्याने आम्हाला अडवलं. ठाणेदार म्हणाला, पुढच्या चौकात एक बेवारस स्कूटर सापडली आहे. तपासणी होईपर्यंत कुणीही पुढे जाणार नाही.

"बंदा मर रहा है, सरदारजी," पवार म्हणाला.

"मैन्नू दिसदा है, जी. अग्गे जाके तुस्सी सारे मरोगे."

तो खोटं बोलत नव्हता. पवारने रेडिओवर छावणीला कळवलं. "अल्फा फॉर टू. रास्ता बंद. इंतजार कर रहे हैं. ओव्हर."

"अल्फा. इंतजार करो. आउट."

किसनचे ओठ निळसर पडले होते. प्रत्येक श्वासाला आतून पाणी खदखदल्यासारखा आवाज यायचा. मी त्याच्या पाठीला माझी पाठ लावून बसलो, म्हणजे त्याला ताठ बसता येईल.

"उस्ताद, किती लांब राहिलं?"

"तीन किलोमीटर."

"नऊ मिनिटं," तो म्हणाला.

आम्ही तिथे बावन्न मिनिटं उभे होतो.

अकराला इस्पितळात पोचलो. स्फोटातले जखमी आमच्या आधी आले होते. व्हरांडाभर स्ट्रेचर होते, काही लोक जमिनीवरच होते. डॉक्टर देशकरांच्या अॅप्रनवर रक्त होतं. त्यांनी किसनकडे एकदा पाहिलं आणि वॉर्डबॉयला हाक मारली. अकरा वीसला त्याला मशीन लागलं. दुपारी तीनला ओठांचा रंग परत आला. पवारने मला पाठीवर थाप मारली आणि चहा आणला. आम्ही वेळेत पोचलो, याचा मला फार आनंद झाला होता.

चारला किसनने डोळे उघडले. म्हणाला, "उस्ताद, कशाला आणलंत?"

"गप्प पड," मी म्हणालो.

ऑक्टोबरमध्ये मेडिकल बोर्ड झालं आणि त्याला सेवेतून मुक्त केलं. नियमाप्रमाणेच झालं. मशीनसाठी त्याला पुण्याचं इस्पितळ दिलं होतं. गावापासून पुणं एसटीने सहा तास. मी त्याला चंडीगड स्टेशनवर गाडीत बसवलं. टीममधली चार पोरं आली होती. गाडी हलल्यावर तो दारात उभा राहून म्हणाला, "सर्व्हिसेसला येत्या मार्चमध्ये आपल्या शेळकेला उतरवा उस्ताद. त्याचा शेवटचा किलोमीटर चांगला आहे."

पुढे पलटण तरनतारनकडे हलली. तिथे मला त्याची दोन पत्रं मिळाली. पहिल्यात खुशाली होती. दुसरं फेब्रुवारीत आलं. त्यातलं मला पाठ आहे. 'पुण्याहून आलो की दुसरा दिवस झोपण्यात जातो. तिसऱ्या दिवशी परत निघायचं. आठवड्यात एखादा दिवस माझा मिळतो. म्हणून आता फक्त मंगळवारी जातो. शुक्रवारी माळावर चालतो. बरं वाटतं.'

आठवड्यातून एकदा गेल्याने काय होणार, हे मला कळत होतं. एक मंगळवार चुकल्यावर काय झालं ते मी पाहिलं होतं. रविवारी निवांत बसून लिहू असं ठरवलं. रविवारी उसाच्या शेतात सर्च होता. त्यात पवार गेला. मग त्याची पेटी बांधणं, घरी कळवणं. मी पत्र लिहिलं तोवर तीन आठवडे उलटले होते.

ते त्याला मिळालं नाही. दहा दिवस आधीच तो गेला होता.

जूनमध्ये रजेवर आल्यावर मी त्याच्या गावी गेलो. आईने ओळखलं. पाणी दिलं, चहा ठेवला. मी तिला पिट्ठूची गोष्ट सांगितली. कामचुकार म्हणालो तेही सांगितलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगायचा त्यो. पिट्ठू बांधून पळवलं उस्तादांनी, पर एक फेरी चुकवली न्हाई म्हनायचा."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"त्या शेवटच्या दिशी म्या म्हनलं, किसना, आज शुक्कुरवार हाय, जा पुन्याला. न्हाई म्हनला. म्या रडले, शेजारचे बोलले, कुनाचंच ऐकलं न्हाई." तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "तुमचं लई ऐकायचा त्यो. तवा एक डाव रागवायचं हुतं तुमी."

चहा प्यालो आणि तिच्या पाया पडून निघालो.

पंजाबातल्या त्या कार्यकाळात आमच्या पलटणीची तीन माणसं कामी आली. नाईक पवार, शिपाई मोरे आणि लान्स नाईक इंगळे. त्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. विरकरचं नाव तिथे नाही. तो आजाराने गेला, घरी गेला, तेव्हा तो सैनिकही नव्हता. नियम बरोबर आहे.

आता मी गावात असतो. शाळेत कधी बोलावतात. मुलं विचारतात, "पंजाबात तुमची किती माणसं गेली?"

मी चार सांगतो.